घाबरत नाही ना?

त्या दिवशी आतला माणूस ओरडला ते ऐकून आपण चपला पायात न घालता हातात घेऊनच जिना उतरलो, असं शेजारी बसलेला शिंपी सांगत होता, आणि सांगता सांगता स्वतःलाच हसत होता. तो शिंपी आहे हे त्याने सांगण्याआधीच कळलं होतं, कारण बाकावर टेकल्यापासून त्याने अंगातल्या हिरवट झग्याची कड दोनदा उलटून पाहिली होती आणि एकच टीप, तीही वाकडी, असं पुटपुटला होता. बाकावर पाच पुरुष होते. सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे, सगळ्यांच्या अंगात पाठीमागे नाड्या बांधायचा तोच झगा, सगळ्यांच्या मांडीवर घडी केलेली पँट आणि पँटीवर ठेवलेले हात. एरवी शेजारी बसलेली माणसं राजकारणावर तरी बोलतात. इथे पाठ उघडी पडू नये म्हणून भिंतीला चिकटून बसलेल्यांना विषयच नव्हता, त्यामुळे शिंप्याचं बोलणं सगळे ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

"माणसाचा आवाज असेल असं आधी वाटलंच नाही हो साहेब," शिंपी म्हणाला. "मला वाटलं, आतलं एखादं यंत्र बिघडलं. मग त्यात 'आई' ऐकू आलं, तेव्हा कळलं."

शिंपी ज्याला साहेब म्हणत होता त्याने विचारलं, कधीची गोष्ट. गेल्या महिन्यातली, शिंपी म्हणाला, मोठ्या डॉक्टरांचाच वार होता. पहिला माणूस बाहेर आला होता, दुसरा आत गेला होता, शिंपी उशिरा धावत येऊन चपला काढत होता आणि हे झालं. तिसरा नंबर शिंप्याचा होता. तिसऱ्या नंबरची जागा रिकामी ठेवून शिंपी घरी गेला, बायकोला म्हणाला की डॉक्टर आले नव्हते, आणि आज बायको स्वतः दारापर्यंत सोडायला आली म्हणून पुन्हा इथे बसला होता.

दुसऱ्या नंबरवर आत गेलेला माणूस म्हणजे हा विचारणाराच होता. हे शिंप्याला सांगावं असं त्याला वाटलं नाही. त्याहीपेक्षा, सांगायला तोंड उघडेना. आपल्या तोंडून आवाज निघाला होता हे त्याला माहीत होतं. तो आवाज तो महिनाभर बरोबर घेऊन हिंडला होता, आंघोळ करताना, दाढी करताना, बसच्या रांगेत. पण त्या आवाजात शब्द होता हे त्याला आत्ता या बाकावर कळत होतं, आणि तेही अशा माणसाकडून ज्याला तो ओळखत नव्हता. शिवाय त्याने आपल्या आईला उभ्या आयुष्यात कधी आई म्हटलं नव्हतं. काका तिला वहिनी म्हणत म्हणून घरातली सगळी मुलं तिला वहिनीच म्हणत, आणि ती गेली तेव्हाही त्याने तिच्या कानाशी वहिनी अशीच हाक मारली होती. मग आतल्या तपासणीच्या टेबलावर त्याने हाक मारली ती कुणाला? जी बाई त्याच्या आयुष्यात नव्हतीच, तिला हाक मारायची वेळ या लोकांनी त्याच्यावर आणली होती. त्याने पँटीवरचे हात उचलले, पुन्हा ठेवले.

मुळात त्याचं सगळं आयुष्य आवाजावर गेलं होतं. तीस-पस्तीस वर्षं त्याने रेडिओवर बातम्या वाचल्या. चेहरा कुणी ओळखत नसे, पण दुकानात साबण मागितला की माणसं वळून बघत. स्टुडिओत काचेपलीकडे बसणारे तंत्रज्ञ त्याला गवंड्याचा ओळंबा म्हणायचे, कारण बातमी पुराची असो, सरकार पडल्याची असो की क्रिकेटची, त्याचा आवाज वरपासून खालपर्यंत सरळ लोंबत यायचा, जराही हलायचा नाही. नवीन पोरी-पोरांना शिकवताना तो सांगे की बातमी वाचणाऱ्याने बातमीत असू नये. टेबलाच्या कडेला डाव्या हाताशी एक काळी कळ असायची. खोकला आला, ठसका लागला, तर ती दाबायची. ती दाबली असेतो मायक्रोफोन मुका होतो आणि ऐकणाऱ्याला नुसती एक छोटी शांतता जाते. त्याने ती कळ इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा वापरली होती आणि याचा त्याला अभिमान होता, असला कसला अभिमान असं बायको म्हणायची तरी. गेल्या महिन्यात त्या टेबलावर डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असताना, ते पहिलं टक् झालं तेव्हा, त्याचा डावा हात रेक्झिनच्या कडेवर ती कळ शोधत होता. हे त्याला नंतर आठवलं. कळ शोधत होता आणि ती सापडत नव्हती, आणि आवाज बाहेर गेला होता.

किरकोळ तपासणी आहे, असं मोठे डॉक्टर म्हणाले होते. रक्ताच्या तपासणीत एक आकडा वाढलेला दिसला, प्रोस्टेटची गाठ हाताला टणक लागली, तेव्हा तिथले बारीक बारीक तुकडे काढून बघायचे, म्हणजे कॅन्सर आहे की नाही ते कळेल, घरी जाऊन जेवाल तुम्ही. किरकोळ हा शब्द ऐकून त्याला बरं वाटलं होतं. ओळखीचा शब्द होता. अपघातात इतके ठार, इतके गंभीर, बाकीचे किरकोळ जखमी, हे वाक्य त्याने किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नव्हती. ठार या शब्दावर अर्धा श्वास थांबायचं, गंभीरवर पाव, आणि किरकोळवरून सरळ पुढच्या बातमीत जायचं. त्या किरकोळ माणसांचं काय झालं, कुणाच्या गुडघ्यात काच गेली, कुणाचा कान फाटला, ती काच कुणी कशी काढली, हे विचारायचं त्याच्या कामात नव्हतं. आता तो विचारत होता. दुखणं किरकोळ आहे हे ठरवणार कोण? ज्याला दुखतं तो, की ज्याच्या हातात सुई आहे तो? हा प्रश्न इतका साधा होता की तो आपल्याला निवृत्त होईपर्यंत पडला नाही याचीही त्याला चीड आली, पण ती चीड त्याने तूर्त बाजूला ठेवली. आधी त्यांचा हिशेब व्हायला हवा होता.

कारण त्या दिवशी त्यांनी सूचना दिली होती. त्यांनी काहीच सांगितलं नाही असं त्याला म्हणता येत नव्हतं, आणि अन्याय झाला तरी खोटं बोलायचं नाही ही त्याची सवय होती. थंड लागेल हं, असं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली सुई चालवणारा तरुण डॉक्टर म्हणाला, तेव्हा थंड लागलं. आता जरा दाटल्यासारखं होईल, तेव्हा दाटलं. मागून आत सरकवलेली ती नळी, जिच्या टोकाने पडद्यावर चित्र दिसतं, ती आत आहे हे विसरता येणं शक्य नव्हतं, पण ते सोसता येत होतं. मग तो म्हणाला, आता स्टेपलरसारखा आवाज येईल, दचकू नका. आवाजाची सूचना! आवाजाने दचकायला तो काही लहान मूल नव्हता. टक् हा आवाज तर फार छोटा होता, कागदाला टाचणी मारल्यासारखा. पण कागद म्हणजे तो होता. शरीराच्या अशा एका जागी, जिला नाव घ्यायची त्याच्या घरात कधी वेळ आली नव्हती, जी आहे हेच तो इतकी वर्षं विसरून होता, तिथे कुणीतरी तापलेली तार घुसवून झटक्याने ओढून घेतली होती. आणि हे एकदा नव्हतं. पुन्हा टक्. पुन्हा. पुढची टक् कधी येणार हे माहीत नसणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती, त्यापेक्षा सगळं एकदम झालं असतं तर बरं, असं वाटत होतं. मग तो आवाज आला आणि तरुण डॉक्टर अगदी मऊपणाने, खांद्यावर हात ठेवून म्हणाला:

"काका, आवाज नको. बाहेर पेशंट बसलेत."

हे वाक्य त्याने महिनाभर चघळलं. संपादकाकडून आलेली बातमी जशी वाचण्याआधी एकदा मनात वाचून बघायचा, तसं ते पुनःपुन्हा वाचून बघितलं. त्यात उद्धटपणा नव्हता. काका होतं. आर्जव होतं. त्यात फक्त एवढंच नव्हतं की तुम्हाला दुखतंय. बाहेरच्यांची काळजी त्यात होती, आतल्याची नव्हती. आणि बाहेरचे तरी कोण होते, पुढचे आतले. त्यांना घाबरवू नका म्हणजे त्यांना कळू देऊ नका. तीस-पस्तीस वर्षं लोकांना कळवायचं काम केलेल्या माणसाला हा मुलगा सांगत होता की कळवू नका. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की त्याने ते ऐकलं होतं. त्याने दात ओठात रुतवून उरलेल्या सगळ्या टक्-टक् गप्प राहून घेतल्या होत्या, आणि उठल्यावर थँक यू म्हणाला होता. नीट, खणखणीत. ओळंब्यासारखं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी निकाल आला तो असा की नीट सांगता येत नाही. काही तुकडे अर्धवट आलेत, एका तुकड्यात काही पेशी बऱ्या वाटत नाहीत, पुन्हा काढावे लागतील, आणि लवकर काढलेले बरे. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळत सांगितलं, तुम्ही हललात ना काका, हलायला नको होतं. तो खुर्चीत बसून होता. समोरच्या भिंतीवर मूत्रपिंडाचं चित्र होतं, लाल आणि निळ्या नळ्यांचं, ते तो बघत राहिला. म्हणजे आपल्या शरीरात काहीतरी वाढत असेल तर ते वाढत असलेलं कळलं नाही याचा दोष आपल्याकडे. यांनी टोचलं, आपण हललो. तर हललो हा गुन्हा. त्या क्षणी त्यालाही ते खरं वाटलं होतं. आपणच कमी पडलो असं वाटलं होतं. त्याने चक्क माफी मागितली होती.

मग तो गेलाच नाही. घाई नाही असं डॉक्टर म्हणालेत, असं त्याने बायकोला सांगितलं. बायको आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकत बसलेली बाई, तिला माणूस कुठल्या शब्दावर खोटं बोलतो ते कान न देताही कळायचं. तिने फक्त जेवणाच्या टेबलापाशी त्याच्या खुर्चीवर उशी आणून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीही ती उचलली नाही. तो चहा पाणचट झालाय म्हणून चिडला, पेपरवाल्यावर चिडला, लेकीने फोनवर बाबा काही हवंय का विचारलं तर काही नकोय म्हणून फोन बायकोच्या हातात दिला. रात्री लघवीला उठायचा आणि अंधारात उभा राहून वाट बघायचा, आणि त्या जागेला, जिला त्याने कधी ओळखलं नव्हतं, मनातल्या मनात विचारायचा की तू काय चालवलं आहेस. उत्तर यायचं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी एका दुपारी बायको वाटाणे सोलत बसली होती तेव्हा त्याने सांगून टाकलं. सगळं नाही. खूप दुखलं होतं, एवढंच. तेही एखादी चोरी कबूल केल्यासारखं.

ती वाटाणे सोलत राहिली. मग म्हणाली की धाकटीच्या वेळी तिला टाके घातले, तेव्हा सुन्न करायचं औषध संपलं होतं की काय कोण जाणे, तसेच घातले. आणि ती विव्हळली तर टाके घालणारी बाई म्हणाली, एवढं बाळ बाहेर आलं, आता टाक्याचं काय दुखतंय.

"तू कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही बातम्यांना गेला होतात," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. ती वेळ सांगत होती. संध्याकाळच्या बातम्या वाचून तो फळं घेऊन गेला होता, बाळाला बघून नाक कुणासारखं यावर बोलला होता, ती पांढरीफटक पडलेली दिसली तेव्हा दमली असेल म्हणाला होता. धाकटी आता स्वतः आई होती. इतकी वर्षं ती गोष्ट या घरात होती, वाटाण्याच्या टोपलीइतकी जवळ, आणि ती सांगावी असं तिला वाटलं नव्हतं, कारण सांगून काय होणार. त्याला वाटलं होतं की आपल्याला दुखलं हे ऐकून तिला धक्का बसेल. तिला बसला नाही. आता कळलं ना, असंही ती म्हणाली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली की जायचं तर आहेच, न जाऊन ते आत थांबणार आहे थोडंच. रागावून जा हवं तर, पण जा. आणि वाटाण्याचा वाडगा उचलून आत गेली. रागाची जागा बदलली होती. आधी तो राग त्याचा एकट्याचा होता, घट्ट, मुठीएवढा. आता तो पसरला होता आणि त्याला कड सापडत नव्हती.

"तुमच्या लक्षात आलं का साहेब," शिंपी त्याच्याकडे झुकला होता. त्याच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. "यांच्याकडे सुन्न करायचं इंजेक्शन असतं. माझा पुतण्या औषधाच्या दुकानात आहे ना, त्याने सांगितलं. आधी तिथेच एक सुई मारतात, थोडा वेळ थांबतात, मग काय करायचं ते करतात. फारसं कळत नाही म्हणे."

त्याने सावकाश विचारलं, मग सगळ्यांना देत नाहीत का.

शिंप्याने आवाज आणखी खाली आणला. देतात, पण घाबरणाऱ्यांना. इथला वॉर्डबॉय पुतण्याच्या दुकानात येतो, त्यानेच सांगितलं. म्हणजे असं, की सिस्टर येते, रांगेत सगळ्यांना विचारत जाते, घाबरत नाही ना, म्हणून. जो हो म्हणतो, घाबरतो म्हणतो, त्याच्या पुढे ती खूण करते, त्याला देतात. जो नाही म्हणतो त्याचं तसंच. मोठ्या डॉक्टरांच्या दिवशी तर असंच, कारण इंजेक्शन दिलं की ते चढेपर्यंत थांबायला लागतं आणि त्यांना दुपारच्या आत सगळे उरकायचे असतात. वाईट माणूस नाही हो, शिंपी म्हणाला, हात हलका आहे म्हणतात, पण घाईत असतो. "मी आज सांगणार आहे, घाबरतो म्हणून. मला कसली आलीय लाज."

घाबरत नाही ना, काका?

त्याला ती दिसली. गेल्या महिन्यातली सिस्टर, हातात पुठ्ठा, कानामागे पेन, हसरी, घाईत. त्याच्यासमोर उभी राहून तिने आधी नाव विचारून मग हे विचारलं होतं, आणि नाव सांगतानाचा आवाज ऐकून म्हणाली होती की तुम्ही ते बातम्यांचे ना, अय्या, आमचे आजोबा रोज ऐकायचे. आणि तो छाती काढून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता: अजिबात नाही. त्याला वाटलं होतं की ही मुलगी धीर देतेय. तो तिलाच धीर देत होता. आणि ती एका औषधाबद्दल विचारत होती! ते औषध आहे हे तिने सांगितलं नव्हतं, त्याचं नाव घेतलं नव्हतं, ते घेतलं तर काय होतं आणि न घेतलं तर काय होतं यातलं अक्षर नव्हतं. चारचौघांत, उघड्या पाठीने भिंतीला चिकटलेल्या म्हाताऱ्यांना तिने फक्त त्यांच्या मर्दपणाबद्दल विचारलं होतं, आणि त्यांनी जे उत्तर जन्मभर दिलं होतं तेच दिलं होतं, आणि त्या उत्तरावर त्यांची सुई ठरली होती. शाळेत मास्तरांनी हात पुढे कर म्हटल्यावर, पहिल्या सायकलवरून पडल्यावर, बाप गेल्यावर, प्रत्येक वेळी हेच विचारलं होतं, आणि हेच उत्तर होतं, आणि ते उत्तर बरोबर मानलं गेलं होतं. कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ही पद्धत? बहुतेक कुणाच्याच नाही. कुणीतरी एकदा विचारलं असेल, सोयीचं गेलं असेल, मग तीच पद्धत झाली. याचाच त्याला जास्त संताप आला. कुणी दुष्ट नव्हतं. दुष्ट माणूस असता तर त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. तीच. पुठ्ठा, पेन. ती टोकापासून सुरू झाली. पहिल्याला विचारलं, तो घोगऱ्या आवाजात छे छे म्हणाला. दुसऱ्याने नुसती मान हलवली. मग ती शिंप्यासमोर आली आणि म्हणाली, गेल्या वेळी कुठे पळून गेलात हो तुम्ही, घाबरत नाही ना? बाकावरचे हसले. शिंपीही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि म्हणाला, "छे हो, घाबरायचंय काय त्यात."

तिने पुठ्ठ्यावर काहीतरी केलं आणि पुढे सरकली. शिंप्याचे कान लाल झाले होते. तो झग्याच्या शिवणीकडे बघत होता.

"आणि काका तुम्ही? तुम्हाला तर विचारायलाच नको."

"विचारा ना," तो म्हणाला. "पण नीट विचारा."

ती थांबली. तो बसल्या जागी सरळ झाला. पाठीमागे झगा सुटला असेल, भिंतीचा गारवा लागत होता, लागू दे.

"मी घाबरतो की नाही याच्याशी तुमचा संबंध नाही. मला दुखतं. मला इंजेक्शन हवंय, आणि ते दिल्यावर चढेपर्यंत थांबायला हवंय. आणि या शेजारच्या साहेबांनाही."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढवायची गरजच नव्हती, तो जिन्यापर्यंत गेला असणार. सिस्टर गोंधळली. तिने दबक्या आवाजात सांगितलं की त्यांनी नको म्हटलंय ना पण. तो म्हणाला की त्यांनी नको म्हटलेलं नाही, घाबरत नाही एवढंच म्हटलंय; त्यांना काय हवंय ते तुम्ही विचारलंच नाहीत. त्यावर ती म्हणाली की डॉक्टरांना विचारते, त्यांची वेळ असते, आणि अशी इथे सगळ्यांसमोर चर्चा नको काका, बाकीच्यांना उगीच भीती वाटते.

"त्यांना वाटायलाच हवी," तो म्हणाला. मग शिंप्याकडे वळला. हे वाक्य त्याने तयार केलं नव्हतं, वाचून बघितलं नव्हतं. "त्या दिवशी आत ओरडला तो मी होतो."

शिंप्याने त्याच्याकडे पाहिलं, आधी चेहऱ्याकडे, मग गळ्याकडे, कापडाचा पोत बघावा तसं.

"तुम्ही?" शिंपी म्हणाला. "आवाजावरून वाटत नाही."

टोकाचा माणूस खोकला. घोगऱ्या आवाजातच, कुणाकडेही न बघता, तो सिस्टरला म्हणाला की बाई, ते इंजेक्शन काय म्हणतायत ते, ते माझ्यापुढे पण लिहा. शिंप्याने फक्त एक बोट वर केलं, वर्गात करतात तसं. सिस्टर आत गेली. आत बोलणं झालं, त्यातला मोठ्या डॉक्टरांचा आवाज तेवढा कळत होता, शब्द नाही. तो आवाज एकदा वर गेला आणि खाली आला. मग रांग मोडून आधी त्याचंच नाव पुकारलं गेलं.

टेबल तेच होतं, रेक्झिन तेच; मोठे डॉक्टर पलीकडच्या खोलीत निघून गेले होते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. तरुण डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाला की काका, इंजेक्शनचंही टोचतंच, मग दोनदा टोचून घ्यायचं कशाला म्हणून आम्ही तसंच करतो. नळी आत सरकली. मग सुई टोचली, खोल, आणि मागोमाग एक जळजळ पसरली, त्याने श्वास धरून ठेवला, आणि ती ओसरली. तरुण डॉक्टरने ट्रेमधलं ते पिस्तुलासारखं हत्यार उचलल्याचा आवाज आला.

"थांबा," तो म्हणाला.

"हो हो," डॉक्टर म्हणाला. "थांबतोय."

आणि ते थांबले. डॉक्टरला थांबायची सवय नव्हती हे पाठीमागून कळत होतं. त्याने हत्यार खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पायावर भार बदलला, पडद्यावर काहीतरी मोजल्यासारखं केलं. सिस्टर कपाटाला टेकून उभी होती. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. या एवढ्याशा शांततेसाठी ही सगळी लढाई होती, त्याला वाटलं; चहा उकळायला लागतो तेवढा वेळ, रांगेतल्या प्रत्येकामागे तेवढा, हा दुपारपर्यंत जमत नाही म्हणून. त्याने त्या शांततेतला क्षणही सोडला नाही. आतली जागा हळूहळू त्याची राहिली नाही, हातमोज्यासारखी जाड झाली.

"सुरू करू?"

"करा."

टक्.

त्याचं सगळं अंग आधीच आखडलं होतं. आणि काही झालं नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत दार ढकलावं तसा एक धक्का लागला, बस्स. पुन्हा टक्. पुन्हा तोच धक्का, त्यात तार नव्हती, ओढून घेणं नव्हतं. तो वाट बघत राहिला आणि दुखणं येत नव्हतं. तो हललाही नाही. हलायला काही कारणच नव्हतं.

आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी एक थेंब नाकावरून आडवा ओघळून रेक्झिनवर पडला, मग थांबेचना. सिस्टरने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा खरोखर घाबरला.

"दुखतंय का काका?"

"नाही."

"मग?"

"दुखत नाहीये," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "हे औषध गेल्या महिन्यातही इथेच होतं?"

तरुण डॉक्टरने पडद्यावरून नजर काढली नाही. "असतं की," तो म्हणाला. "इथेच असतं. त्या कपाटात."

सिस्टर ज्याला टेकली होती त्या कपाटाला ती आणखी टेकली. कपाट पांढरं होतं, टेबलापासून हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, त्याला कुलूप नव्हतं. पुढची टक् झाली. दुखत नव्हतं, तरी त्याने दात आवळून धरले.